रक्ताची पेशी आणि तिच्याभोवतीचे पाणी

कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले की तो बोनस, महागाईभत्ता आणि संप यांवरच बोलणार असे श्रोते धरून चालतात, आणि त्यात त्यांचे फारसे चुकत नाही. म्हणूनच यंदा मी रक्तपेशींचा विषय कळवला तेव्हा चालकांनी मोठ्या सौजन्याने तो पुन्हा एकदा विचारून घेतला. मी डॉक्टर नव्हे. माझे शाळेतले शिक्षण नववीच्या अलीकडेच संपले. पुढे जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर नगर वाचनालयाच्या कपाटांतून. परंतु आज जी कथा सांगावयाची आहे ती निम्मी प्रयोगशाळेत घडली आणि निम्मी खाणीत, भट्टीपुढे व धरणाच्या बोगद्यात. पहिली निम्मी डॉक्टर मंडळी अधिक चांगली सांगतील. दुसरी सांगण्याचा थोडा अधिकार आमच्याकडेही आहे, असे मला वाटते.

आधी वस्तू काय आहे ती पाहू. काचेच्या दोन नळ्या घ्या. एकीत साधे शुद्ध पाणी, दुसरीत शंभर भागांस नऊ-दशांश भाग मीठ घातलेले पाणी. दोहोंत रक्ताचा एकेक थेंब टाका आणि नळ्यांमागे छापील कागद धरा. मिठाच्या पाण्याची नळी गढूळ, लालसर दिसेल. तिच्यातून अक्षर वाचता येणार नाही. साध्या पाण्याची नळी मात्र काही क्षणांत कोकमाच्या सरबतासारखी लाल पण नितळ होईल आणि पलीकडची ओळ स्वच्छ वाचता येईल. पहिल्या नळीत तांबड्या पेशी शाबूत आहेत, त्या उजेड अडवतात. दुसऱ्या नळीत त्या फुगून फुटल्या आणि त्यांतला रंग पाण्यात विरघळला.

ही पेशी म्हणजे मध्ये दोन्ही बाजूंनी किंचित दबलेली एक चकती. एका मिलिमीटरात अशा सव्वाशे ओळीने बसतील, आणि एका घन मिलिमीटर रक्तात त्या सुमारे पन्नास लाख असतात. तिच्याभोवती अतिशय पातळ आवरण असते. त्यातून पाणी सहज ये-जा करते, मिठाला मात्र तशी मोकळीक नाही. तेव्हा बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा अळणी असले तर पाणी आत शिरते, बाहेरचे अधिक खारट असले तर आतले पाणी बाहेर येते. घरातल्या बायकांना हा नियम शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, आणि मनुका पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात. शास्त्रीय मराठीत याला तर्षण म्हणतात. शब्द चांगला आहे, पण मी आपला ‘पाणी सुटणे’ आणि ‘पाणी धरणे’ यांवरच काम भागवीन.

हे प्रथम नीट पाहिले ते विल्यम ह्यूसन या इंग्रज शल्यवैद्याने. तांबडे कण त्याच्याआधी शंभर वर्षे हॉलंडच्या लेवेनहूकने आपल्या भिंगांतून पाहिले होते, परंतु ते गोळ्यांसारखे वाटोळे आहेत अशी समजूत रूढ होती. ह्यूसनने १७७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले की ते गोळे नव्हेत, गिनीच्या नाण्यासारखे चपटे आहेत. रक्त पातळ करण्यासाठी पाणी वापरले तर ते फुगून गोल होतात. रक्तातलाच पिवळसर द्रव किंवा माफक मिठाचे पाणी वापरले तर त्यांचा आकार टिकतो, आणि मीठ फार झाले तर ते आक्रसतात. रक्तातल्या क्षारांचा एक उपयोग या कणांचा आकार राखणे हा असावा, असाही निष्कर्ष त्याने काढला. पुढच्याच वर्षी शवविच्छेदन करताना झालेली जखम चिघळून तो वारला. वय अवघे चौतीस. आपल्याकडे तेव्हा नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतरची धामधूम चालली होती, एवढे सांगितले म्हणजे काळाची कल्पना येईल.

ह्यूसनचे हे वाक्य पुढे साठ वर्षे पुस्तकात पडून राहिले. त्याची गरज लागली तेव्हा ते कोणाच्या हाताशी नव्हते, आणि ती गरज आपल्या देशातून निघाली.

१८१७ साली बंगालमध्ये पटकीची साथ उसळली. पुढच्या वर्षी ती मुंबईत आली. मरीआईचा गाडा एका गावाने शिवेबाहेर लोटायचा आणि दुसऱ्याने तो पुढे ढकलायचा, हे आपल्या आज्यांनी पाहिलेले आहे. त्या काळी युरोपातले मोठमोठे डॉक्टरही याहून फारसे शहाणपण दाखवू शकले नाहीत. दुसऱ्या लाटेत ती साथ रशिया, जर्मनी ओलांडून १८३१ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या संडरलंड बंदरात उतरली. रोगी काही तासांत निळा पडायचा, डोळे खोल जायचे, नाडी लागायची नाही. उपचार काय, तर शीर तोडून रक्त काढणे! पण त्या शिरेतून रक्त येईचना, आले तर काळे आणि डांबरासारखे दाट.

एडिंबरोहून पदवी घेतलेला विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा बाविशीच्या आसपासचा आयरिश तरुण संडरलंडला गेला. इतरांनी रोग्यांची लक्षणे लिहून घेतली, याने रक्त तोलले. १८३१ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला त्याने आपले निष्कर्ष कळवले. पटकीच्या रोग्याच्या रक्तातले पाणी मोठ्या प्रमाणात गेलेले असते, पाण्याबरोबर मीठ व सोड्याचे क्षारही गेलेले असतात, आणि जे रक्तात कमी पडते ते सारे जुलाबात सापडते. म्हणजे रोगाने नवे विष ओतले म्हणून रक्त काळे पडले, ही समजूत मागे पडून हिशेब सरळ झाला. घरातून किती गेले ते कळले, तेवढे परत घालावयाचे.

ते परत घातले एडिंबरोजवळच्या लीथ गावच्या टॉमस लाटा याने. १८३२ च्या मे महिन्यात, अखेरच्या घटका मोजणाऱ्या एका वृद्ध स्त्रीच्या हाताच्या शिरेत त्याने नळी घातली आणि हळूहळू मिठाचे पाणी सोडले. पहिले काही पाइंट गेले तरी फरक दिसेना. मग तिचा श्वास सावकाश झाला, खोल गेलेले डोळे उजळले, जबडा सावरला, नाडी परत आली. अर्ध्या तासात सहा पाइंट पाणी गेले होते. म्हातारी म्हणाली, आता मला बरे वाटते. लाटा तिला रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या स्वाधीन करून गेला. पुढे तिला पुन्हा उलट्या-जुलाब सुरू झाले, पाणी पुन्हा चढवण्याचे कोणाला सुचले नाही, आणि साडेपाच तासांत तिचा शेवट झाला. गळक्या हंड्यात एकदा पाणी भरून चालत नाही, गळती थांबेपर्यंत भरत राहावे लागते, हे लाटाने ओळखले आणि पुढच्या रोग्यांना पुनःपुन्हा पाणी देऊन त्यांतले काही त्याने वाचवले.

मग ही पद्धत टिकली का नाही? एक कारण, ती मरणाच्या दारात पोचलेल्यांवरच वापरली जाई. दुसरे, जंतूंची कल्पनाच नसल्यामुळे पाणी व नळ्या निर्जंतुक नसत. आणि तिसरे कारण आपल्या विषयातले. लाटाने सहा पाइंट पाण्यात दोन ते तीन ड्रॅम मीठ आणि थोडा सोडा घातला होता. आजच्या मापाने हिशेब केला तर रक्ताला मानवणाऱ्या मिठाच्या हे निम्म्याहूनही कमी भरते. पुढे त्याने प्रमाण एक-तृतीयांशाने वाढवले, तरी पाणी अळणीच राहिले. म्हणजे ज्या शिरेत जीवन सोडले तिथेच काही तांबड्या पेशी फुगत व फुटत असणार. ह्यूसनने हे साठ वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते, फक्त प्रमाणाचा आकडा दिलेला नव्हता. लाटा १८३३ मध्ये क्षयाने गेला. ओशॉनेसी कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास आला, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागला, आणि पुढे १८५० च्या दशकात कलकत्त्याहून मुंबईपर्यंत तारायंत्राच्या तारा टाकण्याचे प्रचंड काम त्याने केले. पटकीच्या माहेरी येऊन तो तारेच्या कामात गुंतला! माणसाचे कर्तृत्व थोरच होते, पण मला ही गोष्ट वाचताना नेहमी हळहळ वाटते.

आकडा सापडला तो रोग्याच्या खाटेपाशी नव्हे, तर झाडाच्या पानात. ह्यूगो द व्रीस हा डच वनस्पतिशास्त्रज्ञ १८८० च्या सुमारास वनस्पतींच्या पेशी निरनिराळ्या क्षारांच्या पाण्यात ठेवून पाहत होता. पाणी फार खारट झाले की पेशीतला जिवंत भाग आक्रसून भिंतीपासून सुटतो. तो नेमका केव्हा सुटू लागतो हे पाहिले की पेशीच्या तोडीचे पाणी कोणते ते कळते. उत्रेख्त येथे डोंडर्स या नामांकित प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत हार्टोख याकोब हॅम्बर्गर नावाचा चोविशीतला तरुण काम करीत होता. त्याने १८८३ मध्ये तीच कसोटी रक्ताला लावली. मिठाचे, सोऱ्याचे, साखरेचे पाणी थोडेथोडे पातळ करीत जावयाचे आणि तांबड्या पेशींतून रंग कोणत्या पायरीला बाहेर पडू लागतो ते टिपावयाचे. निरनिराळ्या क्षारांचे परस्पर प्रमाण त्याला जे मिळाले ते द व्रीसच्या पानांतल्या प्रमाणाशी जुळले. पान आणि रक्त एकाच कायद्याखाली आले. याच मोजमापांचा आधार घेऊन त्यांचाच देशबंधू व्हान्ट हॉफ याने द्रावणांच्या दाबाचा सिद्धांत मांडला, आणि १९०१ चे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

हॅम्बर्गर पुढे आणखी काटेकोर झाला. रक्तरस गोठतो तो शून्य अंशाच्या खाली अर्ध्या अंशाहून किंचित पुढे. तितक्याच थंडीत गोठणारे मिठाचे पाणी कोणते, हे पाहून त्याने माणसासाठी शेकडा ०.९ हे प्रमाण दिले. लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा साधारण दीड चमचा. आज खेड्यापाड्यांत अंगात कणकण आली की लोक डॉक्टरांना ‘एक सलाईन लावा’ म्हणून गळ घालतात, आणि काही डॉक्टर लावतातही, ती बाटली बहुतेक वेळा हीच. ते ताकदीचे औषध आहे अशी समजूत इतकी पक्की झाली आहे की तीत मीठ आणि पाणी याखेरीज काही नाही असे सांगणाऱ्याचा रागच येतो. तिची खरी किंमत ती रक्तपेशीला फुगवतही नाही आणि सुकवतही नाही, यात आहे.

आकडा हाती आल्यावर पटकीचा खटला पुन्हा उभा राहिला, तोही कलकत्त्यात. लेनर्ड रॉजर्स हे तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजीचे प्राध्यापक. पटकीत रक्त किती दाटले हे पाहण्यासाठी ते ग्लिसरीन कमीअधिक मिसळलेल्या पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडत आणि रोग्याच्या रक्ताचा थेंब कोणत्या बाटलीत तरंगून राहतो ते पाहत. नुसते नेहमीचे मिठाचे पाणी दिले तर ते पुन्हा आतड्यावाटे निघून जाते, असे पाहून १९०८ पासून त्यांनी रक्तापेक्षा सुमारे दीडपट खारट पाणी शिरेत दिले, आणि साठाच्या घरात असलेले शेकडा मृत्यूचे प्रमाण निम्म्यावर आणले. सत्तर-पंचाहत्तर वर्षे वाया गेली होती. त्या काळात किती माणसे गेली याची मोजदाद करवत नाही.

आता कथेचा दुसरा निम्मा भाग. त्यात रोग नाही, काम आहे.

आगबोटीवर बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे आगवाले, पोलादाच्या भट्टीवरचे कामगार, खोल खाणीतले कोळसा फोडणारे यांना पोटऱ्यांत, दंडांत, पोटात असे गोळे येत की धट्टीकट्टी माणसे जमिनीवर लोळत. कोणी म्हणे गार पाणी प्याल्याने, कोणी म्हणे दारूने, आणि मालकांचे म्हणणे बहुधा कामचुकारपणाने. १९२३ मध्ये नेव्हिल मॉस या संशोधकाने इंग्लंडमधल्या खोल व गरम कोळशाच्या खाणींत उतरून या माणसांचा घाम व लघवी तपासली. त्याच्या मागे बर्मिंगहॅमच्या खाण-संशोधन प्रयोगशाळेचे जे. एस. हॉल्डेन होते. खाणीतल्या विषारी वायूंचा ज्यांनी जन्मभर पाठपुरावा केला, तेच हे हॉल्डेन. उत्तर असे निघाले की माणूस घामाबरोबर पाणी आणि मीठ दोन्ही गमावतो, आणि पिताना फक्त पाणी पितो. हंडाभर घाम गेला, हंडाभर पाणी आले, वजन जागेवर आले, पण मीठ परत आले नाही. रक्तरस अळणी झाला. मग जे नळीत तांबड्या पेशीचे होते तेच सौम्यपणे साऱ्या अंगात होते. पेशी पाणी धरतात, स्नायू आखडतात. हॉल्डेन याला सरळ पाण्याची विषबाधा म्हणत. पिण्याच्या पाण्यात थोडे मीठ घातले, गोळे थांबले.

या हॉल्डेनांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन यांनी ही हकीकत सामान्य वाचकांसाठी लिहिली. ते ‘डेली वर्कर’ या कामगारांच्या पत्रात वर्षानुवर्षे विज्ञानावर लिहीत. १९५७ साली ते भारतात आले, इथलेच नागरिक झाले, आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. वाचनालयात त्यांच्या लेखांचा एक जीर्ण संग्रह माझ्या हाती पडला नसता तर आजचे हे व्याख्यान झाले नसते.

जाता जाता आपल्या इतिहासातली एक गोष्ट. मॉसच्या शोधानंतर सातच वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनला पत्र लिहिले. मिठावरचा कर गरिबाला अधिक जाचतो, कारण मीठ ही एकच वस्तू अशी आहे की ती गरिबाला श्रीमंतापेक्षा जास्त खावी लागते, असा मुद्दा त्यात होता. त्यामागे मॉसचे तक्ते नव्हते, शेतकऱ्याच्या पाठीवर वाळलेला पांढरा घाम होता. त्या वर्षी वडाळ्याला आणि शिरोड्याला मिठागरांवर ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांना आपण राजकीय सत्याग्रही म्हणतो, आणि ते होतेच. पण त्यांचा मुद्दा शरीरशास्त्रातही बिनतोड होता.

त्यानंतरच्या वर्षी अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर बोल्डर धरणाचे (पुढे त्याचे नाव हूवर धरण झाले) काम सुरू झाले. काळ मंदीचा, माणसे हवी तितकी. जुलैत कातळाच्या त्या घळीत पारा ११९-१२० अंश फॅरनहाइटला टेके, आणि नदीचा प्रवाह वळवण्यासाठी आत बोगदे खोदणे चालू. त्या उन्हाळ्यात एका महिन्यात दहाहून अधिक माणसे उष्णतेने मेली. ७ ऑगस्ट १९३१ रोजी बोगद्यातल्या कामगारांची मजुरी कापली गेली आणि संप झाला. मजुरीबरोबरच स्वच्छ आणि थंड पिण्याचे पाणी हीही त्यांची मागणी होती. संप आठवड्याभरात मोडला. आमच्या भाषेत सांगावयाचे तर हरला. परंतु त्यानंतर पाण्याची व राहण्याची सोय सुधारली, हेही नोंदवले पाहिजे. हरलेल्या संपांची ही बाजू इतिहासात क्वचितच येते.

पुढच्या, म्हणजे १९३२ च्या उन्हाळ्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या श्रम व थकवा यांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेतून डेव्हिड डिल, जॉन टॅलबट वगैरे मंडळी तिथे आली. त्यांनी कामगारांचा आणि स्वतःचाही घाम गोळा करून तपासला. नवख्या माणसाच्या घामात मीठ पुष्कळ जाते, उन्हाला सरावलेल्याच्या घामात कमी, हे त्यांना आढळले. म्हणजे धोका सर्वांत मोठा पहिल्या आठवड्यात, नव्या भरतीला. भोजनगृहात एक पाटी होती. डॉक्टरांचे सांगणे असे की भरपूर पाणी प्या. डिल यांच्या सल्ल्यावरून तिच्यात एक वाक्य वाढवले गेले, ‘आणि जेवणात भरपूर मीठ घ्या’.

या पाटीबद्दल मी वाचले तेव्हा आमच्याच भागातल्या एका ओतशाळेचा (नावाचे प्रयोजन नाही) कामगारांच्या सोयींचा तंटा चालू होता. मे महिना. कपोला पेटलेला, मोल्डिंगवाले आणि ओतणारे घामाने निथळत. मागच्या वर्षी आमच्या मागणीवरून मालकांनी थंड पाण्याचे यंत्र बसवले होते. लोक दिवसभर पीत, तरी रात्री घरी पोटऱ्यांत गोळे येण्याच्या तक्रारी वाढल्या. आम्ही मागणी केली, उन्हाळ्यात प्रत्येक पाळीला मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत किंवा खारे ताक. व्यवस्थापक हसले. म्हणाले, “अहो भाऊ, काल पाणी मागितलेत, आज मीठ मागता, उद्या लोणचे मागाल.” मी त्यांना कागदावर बोल्डर धरणाची पाटी लिहून दाखवली. त्यांनी ती वाचली आणि विषय पुढे ढकलला. दोन उन्हाळे गेले, मग करारात ते एक ओळीचे कलम म्हणून आले. १९४८ च्या कारखाने अधिनियमात अठरावे कलम पिण्याच्या पाण्याचे होते. अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उन्हाळ्यात पाणी थंड करून द्यावे, असे त्यात म्हटले होते. पाण्याबद्दलची तेवढी तरतूद मिळण्यासही किती वर्षे गेली हे ज्यांना ठाऊक आहे ते त्या कलमाला हसणार नाहीत. तिथेच थांबावे असे मात्र मला वाटले नाही.

इथे एक इशारा दिला पाहिजे, नाहीतर घरी जाऊन कोणी मुठीने मीठ खाईल. हा हिशेब घाम गाळणाऱ्याचा आहे. पंख्याखाली बसून काम करणाऱ्याला रोजच्या जेवणातले मीठ पुरून उरते, आणि रक्तदाबवाल्याला ते घातक ठरते. नुसत्या मिठाच्या गोळ्या गिळण्याची पद्धतही आता मागे पडली आहे. त्या पोटात आग करतात.

पटकीच्या प्रकरणाचा शेवट मात्र सांगितलाच पाहिजे. शिरेतून द्यावयाचे पाणी, नळ्या, सुया, डॉक्टर हे सारे गरिबाच्या झोपडीपर्यंत पोचत नाही. कलकत्त्याचे डॉ. हेमेन्द्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच लिहिले की पटकीच्या सौम्य रोग्यांना मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी तोंडाने देऊन आपण बरे केले. फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे आतड्यात साखर मिठाचा हात धरून आत जाते आणि दोघांच्या मागे पाणी येते, हे सिद्ध झाले. १९६८ मध्ये ढाक्यात त्यावर रीतसर प्रयोग झाले. आणि १९७१ साली, बांगलादेशच्या युद्धात, सीमेवरच्या बनगावला निर्वासितांचा लोंढा आला आणि पाठोपाठ पटकी. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या कलकत्त्यात बांधवून घेतल्या, प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद केली, आणि तोटी लावलेल्या पिंपांत ते पाणी कालवले. पेले नातेवाइकांच्या हाती दिले. डॉक्टर नव्हते, आया आणि भाऊ होते. छावणीतले मृत्यूचे प्रमाण शेकडा तिसाच्या आसपासहून चाराच्या खाली आले. लाटाच्या म्हातारीपाशी रात्रभर पाणी देत बसणारे जे कोणी हवे होते, ते एकशे एकोणचाळीस वर्षांनी बनगावला सापडले. महालनाबिस २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ साली मिळाले.

तांबड्या पेशीत पाणी इतक्या झपाट्याने शिरते कसे, हा प्रश्न एवढे सारे होईपर्यंत सुटलेला नव्हता. अमेरिकेतले पीटर एगर रक्तगटांशी संबंधित एक प्रथिन शोधत असता त्यांना तांबड्या पेशीच्या आवरणात दुसरेच एक विपुल प्रथिन सापडले. १९९२ मध्ये त्यांनी ते बेडकाच्या अंड्यांत तयार करवले. साधी अंडी अळणी पाण्यात जशीच्या तशी राहिली. हे प्रथिन असलेली फुगून तटातट फुटली. हीच ती पाण्याची मोरी, जिच्यातून पाणी जाते आणि मीठ अडते. २००३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

शेवटी आपल्या राज्यातल्या एका पेशीविषयी. विदर्भात आणि नंदुरबारकडे, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. १९१० मध्ये शिकागोच्या हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या या पेशी प्रथम वर्णन केल्या. भारतात त्या १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींत आढळल्याची नोंद झाली. या माणसांच्या पेशीतले हिमोग्लोबिन किंचित वेगळे असते. प्राणवायू सोडल्यावर त्याचे कण एकमेकांना चिकटून दांड्या बनतात आणि पेशी वाकडी होते. ते किती लवकर होते हे पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. पेशीतले पाणी थोडेसे कमी झाले, तरी जे व्हायला वेळ लागला असता ते पाहता पाहता होते, आणि वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून हाडे फोडल्यासारख्या वेदना सुरू होतात. कैरीच्या फोडीला पाणी सुटते तेच इथे होते. घाम गेला, पाणी प्यालो नाही, रक्तरस दाटला, पेशीला पाणी सुटले.

या आजाराच्या माणसाला डॉक्टर सांगतात, पाणी भरपूर पीत जा, उन्हात राबू नको. नंदुरबारकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला खाली उतरतात. मागल्या हंगामात आमच्या तालुक्यातल्या एका फडावर मी गेलो होतो. तोडणी पहाटेपासून चालली होती, उचल दिलेला मुकादम बांधावर उभा होता, आणि प्लास्टिकच्या दोन कळशा रस्त्याकडेला, बैलगाड्यांच्या सावलीत ठेवलेल्या होत्या. ऊस जसजसा तुटत गेला तसतशी माणसे आत सरकत गेली होती. कळशीपासून कोयत्यापर्यंतचे अंतर मी पावलांनी मोजले. दोनशे चाळीस भरले.